शिर्केसाहेबांची उजवी बाही

शिर्केसाहेब दूधवाल्यावर विश्वास ठेवत नसत, यात नवल काही नाही. दूधवाल्यावर कोणीच ठेवत नाही. पण ते घड्याळावरही ठेवत नसत. डाव्या मनगटावर एक घड्याळ आणि शर्टाच्या खिशात पट्टा तुटलेलं दुसरं. दोन्हींत फरक पडला की समोरच्याला विचारायचे, "तुझ्यात किती?" मग तिघांपैकी खोटं कोण बोलतंय याचा निवाडा झाल्याशिवाय पुढचं काम सुरू व्हायचं नाही.

त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. बडोद्यात मकरपुऱ्याकडे आमचा कारखाना, आणि त्याच्या फाटकाशी टाइम ऑफिस. कोण किती वाजता आला, कोण रजेवर, कोण आजारी, हे बघायची ती खोली. शिर्केसाहेब तिथले मुख्य, मी त्यांचा मदतनीस. राहायलाही आम्ही दांडिया बाजारच्या एकाच गल्लीत होतो, समोरासमोर. त्यामुळे कारखान्यात आठ तास आणि घरी उरलेला वेळ ते माझ्यावर नजर ठेवून असत. मी सकाळी गॅलरीत उशिरा आलो तर संध्याकाळी विचारायचे, "काय रे पाटणकर, आज पोट बिघडलं होतं का?"

संशय हा त्यांच्या मते घराण्याचा वारसा होता. आजोबा संस्थानच्या कोठारावर नोकरीला. पोतं उघडलं की वरचं धान्य बघायचे नाहीत, कोपरापर्यंत हात आत घालून तळाचं काढायचे. "वरचं सगळ्यांचंच चांगलं असतं," शिर्केसाहेब म्हणायचे. हे ते मिरवून सांगत आणि सांगताना स्वतःचा उजवा हात हवेत खोल घालून मूठभर काहीतरी वर काढत.

टाइम ऑफिसात ते माणसांच्या पोत्यात हात घालत. आजारपणाची रजा मागायला कोणी आला की पहिला प्रश्न, "कुठे दुखतं? बोट ठेव." तो बोट ठेवायचा. मग साहेब क्रिकेटचं विचारायचे, मुलीच्या लग्नाचं विचारायचे, आणि मधेच, "कुठे म्हणालास?" बोट पहिल्या जागेवरून सरकलं की संपलं. "खरं दुखणं जागा बदलत नाही," हा त्यांचा सिद्धांत. दुसरा उपाय पेनचा. कंबर धरून आलेल्या माणसापुढे ते नकळत पडल्यासारखं पेन खाली पाडायचे. सोलंकी नावाचा एक फिटर होता, मोठ्या आवाजाचा, युनियनवाला, तो एकदा कंबर धरून आला. पेन पडलं. सोलंकीने वाकून उचललं आणि अदबीने टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते टोपण लावून खिशात घातलं आणि म्हणाले, "कमर तो सरस छे! जाओ, काम पर लागो." तो किस्सा पुढे सगळ्या खात्यांत फिरला. सोलंकी मात्र त्या दिवसापासून फाटकातून जाताना साहेबांकडे बघायचा नाही.

अशा माणसाचा हात दुखायला लागला.

तोही कसा, तर काहीच न होता. पडले नाहीत, आपटले नाहीत, ओझं उचललं नाही. रविवारी जेवून दुपारी झोपले, उठले तेव्हा उजव्या कोपराखाली आग. सोमवारी फाटकात आले ते हात अंगापासून लांब धरून, ओली छत्री धरतो तसा. मी विचारलं तर म्हणाले, "झोपेत अंगाखाली आला असेल. जाईल." तो गेला नाही. तळताना तेल उडून चटका बसतो तसं, पण उडालेलं तेल निवतच नाही, असं ते सांगायचे. शर्टाची बाही लागली तरी कळवळायचे. पंख्याचा वारा नको, स्कूटरचा कान पिळता येईना, पेन बोटांतून गळायचं. म्हणजे खरोखर गळायचं आता.

साहेबांच्या पत्नी सुमनवहिनींनी शेवटी कात्री घेतली आणि सगळ्या शर्टांची उजवी बाही खांद्यापाशी कापली. डावी बाही मनगटापर्यंत, बटण लावलेली, आणि उजवा हात उघडा. कारखान्यात पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही, कुजबुज सुरू झाली होती. ती जास्त वाईट.

डॉक्टर करून झाले. एकाने मानेचा एक्सरे काढला. तो स्वच्छ. शिर्केसाहेबांनी फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि मला म्हणाले, "ही मान माझीच कशावरून?" दुसऱ्याने जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. तिसऱ्याने हाताला वायरी लावून झटके दिले, नसांतून वीज नीट जाते की नाही ते बघायला. ती नीट गेली. प्रत्येक जण कागद पुढे करून एकच शब्द म्हणायचा, नॉर्मल. हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायला लागला. एका डॉक्टरने विचारलं, "दुखतं नेमकं कुठे? बोट ठेवा." साहेबांनी डाव्या हाताचं बोट कोपरावर नेलं, मग मनगटावर, मग करंगळीवर, आणि मग बोट तसंच हवेत राहिलं. मी शेजारी बसलो होतो. मी जमिनीकडे बघत राहिलो.

त्यात हातही लबाड. घरी, ऑफिसात तो कधी लालबुंद होऊन घामाने निथळायचा, कधी निळसर, गारठलेला. मी स्वतः बघितलाय. पण डॉक्टरांपुढे गेला की शहाण्या मुलासारखा, रंग ठीक, सूज नाही. "मुद्दाम करतो," साहेब हाताबद्दल म्हणायचे, जणू तो खात्यातला एखादा कामगार होता.

गल्लीतल्या गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटणाऱ्या आजींपुढे त्यांनी डावा हात पुढे केला. आजींनी पेढा मागे घेतला. "उजवा पुढे करा हो, देवाचं आहे." साहेबांनी उजवा केला. पेढा तळव्यावर टेकला मात्र, त्यांनी हात झटकला, पेढा समोरच्या मुलाच्या डोक्यावरून जाऊन भिंतीला लागला. तेवढ्यावरून शिर्के देवाधर्माला मानेनासे झाले अशी बातमी संध्याकाळपर्यंत पार कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्यापर्यंत पोहोचली.

हे सगळं नव्वदीच्या मधल्या वर्षांतलं. कारखान्यात परदेशी भागीदार येणार होते. हजेरीला कार्ड ओढायचं यंत्र बसणार होतं, म्हणजे टाइम ऑफिसची गरजच संपणार होती. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली होती आणि ती स्वेच्छेने कोणी वाचत नव्हतं. कामगार म्हणत, शिर्केभाईंनी हाताचं सोंग काढलंय, बसून पगार खायचा म्हणून. टाय लावणारे नवे अधिकारी म्हणत, निवृत्तीच्या वेळी भरपाई वाढवून मागायचा डाव आहे. साहेब म्हणत, मला हाकलायला हे सगळे टपलेत, डॉक्टरसुद्धा त्यांच्याच खिशातले. आणि मी कोणत्या बाजूचा होतो ते विचारू नका, माझी बाजू दर आठवड्याला बदलायची.

एकट्या सुमनवहिनी एका बाजूला ठाम होत्या. "ते खोटं बोलत नाहीत," एवढंच म्हणायच्या. पोळीचा घास मोडून द्यायच्या, शर्टाची बटणं लावायच्या, रात्रीचं पांघरूण हाताला लागू नये म्हणून मधे उशा रचायच्या. शिर्केसाहेबांना जगात कोणाच्या विश्वासाची पर्वा नव्हती असं आम्हाला वाटायचं. तसं नव्हतं. एका माणसाच्या होती.

मग उत्तरायण आलं. बडोद्याला उत्तरायणाच्या दिवशी घरात कोण बसतं? आमची गल्ली अख्खी गच्चीवर. साहेब एकेकाळचे नामांकित पतंगबाज, त्यांची दोरी तीन गल्ल्यांत ओळखू यायची. त्या वर्षी ते वर यायलाच तयार नव्हते. वहिनी म्हणाल्या, "नुसते बसा हो. ऊन घ्या." म्हणून ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले, एक बाही उघडी, हात मांडीवर, एखादं आजारी मांजर घेऊन बसल्यासारखे. शेजारच्या गच्चीवर सोलंकी आला होता, त्याच्या साडूचं घर ते. दोघांनी एकमेकांना न बघण्याचा चोख बंदोबस्त ठेवला होता.

दुपारच्या सुमाराला वर कुठेतरी "काप्यो छे!" असा गलका झाला. कटलेला एक मोठा पतंग डुलत डुलत चालला होता आणि त्याची लांबलचक दोरी आमच्या गच्चीवरून सरकत होती, अगदी साहेबांच्या डोक्यावरून. आणि साहेब उठले, त्यांचा हात वर गेला. उजवा. ताडकन, सरळ, लहानपणापासून जसा जात आला होता तसा. बोटांनी दोरी झेलली, मनगटाने हिसका दिला आणि पतंग वर आकाशात थबकला.

"पकड्यो! शिर्केभाईए पकड्यो!" सोलंकी गच्चीच्या कठड्यावरच चढला. "अरे, हाथ तो एकदम ओके छे!"

सगळ्या गच्च्या हसल्या. मीही हसलो असेन. साहेबांनी दोरी सोडली होती आणि ते आपल्या हाताकडे बघत होते, दुसऱ्याच कोणाचा असावा तसे. मग त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि ते हळूच खाली बसले. पण तोवर लोक पुन्हा आकाशात बघू लागले होते. जिन्याच्या दाराशी वहिनी उंधियूचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात वर गेलेला बघितला होता. ते खाली बसले ते बघितलं की नाही, मला माहीत नाही.

थोड्या वेळाने मी जिलबीची ताटली घेऊन त्यांच्या घरात शिरलो तेव्हा आत वहिनींचा आवाज येत होता. चढलेला नव्हता, उलट फार हळू होता. "मग तेव्हा कसा उचललात?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही कसं? माझा दिवसरात्र जीव अडकलेला असतो हो तुमच्या त्या हातात. मला खरं सांगा."

"मला माहीत नाही, सुमन."

कोणाचंही खोटं तळापासून बाहेर काढणारा हा माणूस. मी ताटली बाहेरच्या खुर्चीवर ठेवून निघून आलो.

नंतर कितीतरी दिवस तो हात सुजून, तापून पडला होता. साहेब कारखान्यात येऊ शकले नाहीत. कारखान्यात अर्थ असा लागला की पकडले गेले, तोंड दाखवायची लाज वाटते. टायवाल्या अधिकाऱ्यापर्यंत पतंगाची गोष्ट पोहोचलीच होती. साहेब आले ते सरळ त्याच्या खोलीत गेले आणि निवृत्तीच्या कागदावर डाव्या हाताने सही करून बाहेर आले. लहान मुलाच्या अक्षरातली सही. त्यावरही काही जण म्हणाले, मुद्दाम वाकडी केली.

शेवटच्या दिवशी फाटकाशी सोलंकी थांबला होता, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, आता हा भांडणार. पण तो मजेत होता. साहेबांच्या डाव्या हातात पेढा ठेवला आणि मोठ्याने, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, ते दिवसे तमारी पेन पडी हती ने? मारी कमर तो साचे ज दुखती हती. पण साहेबनी पेन पडे एटले हाथ एनी मेळे ज जाय!" साहेबांचं पेन पडलं की हात आपोआपच जातो, कंबर दुखत असली तरी. आणि तो खो खो हसला. त्याने इतकी वर्षं सांभाळून ठेवलेला हिशोब चुकता केला होता.

घरी जाताना साहेब माझ्या स्कूटरवर मागे, हात हवेत उंच धरून, म्हणजे खड्ड्यांत कशाला लागायला नको. मग कानाशी म्हणाले, "पाटणकर, तो खरं बोलला की टोमणा मारला?"

"दोन्ही असेल, साहेब."

"म्हणजे माझं पेन खोटं ठरलं."

पुढच्या चौकात ते पुन्हा म्हणाले, "आणि माझा हात?"

त्या दिवसापासून त्यांनी दूधवाल्याला, घड्याळांना, कारखान्याला, सगळ्यांना सोडून दिलं आणि संशयाचं सगळं भांडवल एकाच माणसावर लावलं. स्वतःवर. गॅलरीतून मला दिसायचं, ते घरात एकटे बसून टेबलावरून काहीतरी खाली पाडत आणि कोणता हात जातो ते बघत. एकदा मला आडून विचारलं, "माणूस स्वतःला न कळता सोंग करू शकतो का रे?" मी म्हणालो, "मला काय कळतं त्यातलं." ते म्हणाले, "मलाही कळत नाही, तेच तर." वहिनी अजूनही पोळी मोडून देत, बटणं लावत, पण आता गप्प राहून. ते घरातलं गप्प राहणं त्यांना हातापेक्षा जास्त जाळत होतं, हे समोरच्या गॅलरीतूनही कळायचं.

मग त्यांनी तोड काढली. एका रविवारी मला दुपारी बोलावलं. आमच्याकडे रविवारची दुपारची झोप कोणी कोणाची मोडत नाही, म्हणून मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "झोपलेला माणूस नाटक करू शकत नाही. मी गाढ झोपलो की तू रुमालाचं टोक माझ्या डाव्या हाताला लाव. मग उजव्याला. केव्हा लावशील ते मला सांगू नकोस. आणि सुमन शेजारी उभी राहील. तिने बघायला हवं." वहिनी म्हणाल्या, "हे काय भलतंच?" ते म्हणाले, "मला खरं कळायला हवं. तुलाही."

मला जमणार नाही असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे टाइम ऑफिसातल्यासारखं बघितलं. मी बसलो.

ते झोपले. घोरायला लागले, पुढे घोरणंही थांबलं आणि संथ श्वास सुरू झाला. खिडकीच्या फटीतून ऊन येत होतं. बाहेर भंगारवाल्याची आरोळी गेली, तरी हलले नाहीत. मी रुमालाचं टोक डाव्या मनगटावर टेकवलं. काही नाही, माशी बसल्यावर होतं तेवढंही नाही. मग उजव्यावर. रुमाल मलमलीचा होता आणि मी तो नुसता टेकवला होता.

शिर्केसाहेब ओरडले. डोळे मिटलेले, झोप तशीच, आणि घशातून असा आवाज आला की मी तो आधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. हात आखडून छातीशी गेला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाशी ओघळलं. हे सगळं होऊनसुद्धा ते क्षणभर झोपेतच होते. वहिनी भिंतीला धरून खाली बसल्या.

मग ते जागे झाले. पहिला प्रश्न, "ओढला का?"

"ओढलात," वहिनी म्हणाल्या. मग एकदम रडू फुटलं. "मी तुमच्यावर संशय घेतला हो."

ते उठून बसले. हात छातीशीच धरलेला. म्हणाले, "घ्यायलाच हवा होतास. मी असतो तर घेतला असता."

एवढं बोलून त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ती नजर मी ओळखत होतो. म्हणाले, "आता खरं सांगा. तुम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं ने?"

"काय ठरवलं होतं?"

"की काहीही झालं तरी, ओढला म्हणून सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून."

मी शपथ घेतली. देवाची, आईची, सगळ्यांची घेतली. त्यांनी मान हलवली, अगदी सभ्यपणे. रजा नाकारायच्या आधी ते अशीच मान हलवायचे. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. जगात एकच साक्षीदार त्यांना पटला असता, तो म्हणजे ते स्वतः. आणि तो नेमका झोपलेला होता.

पुढे मी नोकरी बदलली, घर बदललं, वाघोडियाकडे राहायला गेलो. हात बरा झाला नाही, काय झालं होतं तेही कधी कळलं नाही, एवढं कानावर यायचं. ते शेवटचे दिसले ते खंडेराव मार्केटात, हिवाळ्यातल्या एका सकाळी. ओल्या वाटाण्याचे, तुरीच्या शेंगांचे ढीग लागले होते आणि गर्दी अशी की माणूस स्वतःहून चालत नव्हता, ढकलला जात होता. शिर्केसाहेब मधोमध, थकलेले, एक बाही उघडी. आणि त्यांच्या उजव्या अंगाला, हातभर अंतर ठेवून, सुमनवहिनी. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, कोपरं बाहेर काढलेली. हातगाडीवाला आला, तो त्यांच्यावर आदळला. एक बाई टोपली घेऊन घुसली, ती त्यांच्यावर आदळली. त्या हलत होत्या, पण जागा सोडत नव्हत्या. साहेब वाटाण्याच्या शेंगा सोलून आतून कीड आहे का बघत होते.

मला बघून ते खूश झाले. हालहवाल झाली. मग मला बाजूला घेतल्यासारखं करून, पण वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "हिचं काय चाललंय कळत नाही, पाटणकर. कुठेही गेलो तरी हिला उजवीकडूनच चालायचं असतं. आधी असं नव्हतं. मला संशय येतो."

मागून कोणाचा तरी जोराचा धक्का बसला. वहिनींच्या पिशवीतले चार टोमॅटो खाली घरंगळले. त्या वाकल्या नाहीत, जागच्या हलल्या नाहीत.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या.